शिधापत्रिकेवरचे कुटुंब

गेल्या श्रावणात माझ्या भावजयीचे मूतखड्याचे दुखणे इतके वाढले, की रात्री अकरा वाजता तिला कागलहून कोल्हापुरात आणावे लागले. ज्या रुग्णालयात आम्ही गेलो ते राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट होते, शस्त्रक्रिया योजनेत बसणारी होती आणि भावाच्या घरी शिधापत्रिकाही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने, शिधापत्रिकेचा क्रमांक टाकून पाहिला, तेव्हा त्या कुटुंबात चार वर्षांपूर्वी वारलेले माझे वडील होते, आई होती, भाऊ होता. भावजय मात्र नव्हती. तिच्या लग्नाला सात वर्षे झाली होती. शस्त्रक्रियेचे ४२,००० रुपये आम्ही भिशी उचलून आणि माझी बचत मोडून भरले. त्यानंतरचे पाच महिने मी या कुटुंबाची कागदपत्रे नीट करण्यात घालवले. त्यातून जे समजले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्यासारखी कितीतरी घरे आजही याच स्थितीत असतील.

भावाची शिधापत्रिका पांढरी आहे. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही, म्हणून वडील गेल्यानंतर ते कपाटातून कोणी बाहेरही काढले नव्हते. पिवळे किंवा केशरी कार्ड असलेली घरे धान्यासाठी का होईना, नावे वाढवतात, कमी करतात. पांढऱ्या कार्डाची तशी देखभाल कोणी करत नाही. शिवाय या योजनेचा पांढऱ्या कार्डाशी संबंध नाही, अशी आमची पक्की समजूत होती आणि ती एके काळी खरीही होती. २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. तेव्हा संरक्षण प्रामुख्याने पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांना होते आणि एका कुटुंबासाठी वर्षाला दीड लाख रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती मर्यादा ५ लाख रुपये झाली आणि सर्व रंगांच्या शिधापत्रिका असलेली कुटुंबे योजनेत आली. १ जुलै २०२४ पासून हे प्रत्यक्षात लागू झाले. म्हणजे आमच्या दुखण्याच्या वेळी आम्ही वर्षभराहून अधिक काळ पात्र होतो, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

आमच्या बेफिकिरीला आणखी एक कारण होते. भाऊ फाउंड्रीत कामाला आहे आणि त्याला राज्य कामगार विमा होता, ज्यासाठी त्याच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जात असे. या विम्याची वेतनमर्यादा महिन्याला २१,००० रुपये आहे. पगार त्याच्यावर गेला की चालू सहामाहीची वर्गणी भरली जाते, त्यानंतरचा लाभाचा काळ मिळतो आणि मग विमा थांबतो. पगारवाढीचे पेढे आम्ही वाटले, परंतु त्या पगारवाढीने घरातल्या चार माणसांचे आरोग्य संरक्षण संपणार आहे, हा विचार कोणाच्याच मनात आला नाही. ज्यांचा पगार या मर्यादेच्या आसपास आहे, त्यांनी पगारवाढीचे पत्र हाती येताच दुसऱ्या योजनेची तयारी सुरू करावी, असे मी मनापासून सांगेन.

आता मूळ प्रश्नाकडे येते. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेवरून कमी केल्याखेरीज सासरच्या शिधापत्रिकेवर चढत नाही. भावजयीचे माहेर आटपाडी तालुक्यात आहे. तिथल्या तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, तो आधार कार्ड आणि विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रासह कागलच्या पुरवठा शाखेत द्यायचा, आणि त्याच अर्जाबरोबर वडिलांचा मृत्यूचा दाखला जोडून त्यांचे नाव कमी करून आईला कुटुंबप्रमुख करायचे, असा हा क्रम. आटपाडीला आम्हाला दोन खेपा पडल्या, कारण पहिल्या वेळी तिच्या वडिलांची सही असलेला अर्ज आम्ही नेलाच नव्हता. नाव कार्डावर शाईने लिहून मिळाले म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक ऑनलाइन टाकल्यावर ते नाव दिसते का, हे पाहिल्याशिवाय कार्यालयातून परत फिरू नये. आमच्या बाबतीत कागदावर नाव आल्यानंतर ते संगणकावर दिसायला तीन आठवडे गेले.

त्यानंतर आयुष्मान कार्डाची पायरी येते. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२० पासून महाराष्ट्रात ती राज्याच्या योजनेबरोबर एकत्रित राबवली जाते. ५ लाख रुपये संपूर्ण कुटुंबाला मिळून असले, तरी कार्ड मात्र प्रत्येक व्यक्तीचे वेगळे काढावे लागते. एकाचे काढले म्हणजे सर्वांचे झाले, हा गैरसमज मी अनेक घरांत पाहिला. आधारवरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे नाव यांची जुळणी चांगली असेल तर कार्ड लवकर मंजूर होते, नसेल तर अर्ज तपासणीसाठी जातो. भावजयीच्या आधारवर माहेरचे नाव होते आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद पडला होता, त्यामुळे ओटीपी येण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून आधी आधार, मग शिधापत्रिका, मग आयुष्मान कार्ड, हाच क्रम धरावा. एका केंद्रावर आमच्याकडे कार्डामागे ३०० रुपये मागितले गेले. कार्ड विनामूल्य आहे आणि आयुष्मान ॲपवर ते घरी बसूनही काढता येते, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही तिथून परत आलो.

आई ७४ वर्षांची आहे. ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि कुटुंब आधीच योजनेत असेल तर त्या ज्येष्ठ व्यक्तीसाठी ५ लाखांचे संरक्षण स्वतंत्र असते. तिने चाळीस वर्षे म्हशींची धार काढली, उसाची भांगलण केली. तिच्या बोटांचे ठसे यंत्र घेईना. चार वेळा बोट पुसून ठेवल्यावर ती गप्प बसली, आणि ते पाहताना मला फार वाईट वाटले. शेवटी ॲपवर चेहऱ्यावरून ओळख पटली आणि दहा मिनिटांत कार्ड निघाले. ज्यांच्या घरी कष्ट केलेल्या हातांची माणसे आहेत, त्यांनी हा पर्याय आधीच विचारावा. माझी मावशी आईपेक्षा मोठी आहे, पण आधारवर तिची जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी अशी पडली असून त्या हिशेबाने ती अजून ६८ वर्षांची आहे. आधारवरचेच वय धरले जात असल्याने तिला तूर्त मुलाच्या शिधापत्रिकेचाच आधार आहे.

रुग्णालयाच्या बाजूचेही थोडे सांगितले पाहिजे. एखादे रुग्णालय योजनेत आहे याचा अर्थ तिथले सर्व उपचार योजनेत आहेत असा नसतो. ते ठरावीक विभागांसाठी संलग्न असते. म्हणून अनामत रक्कम भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठून आपल्या दुखण्याचा उपचार तिथे योजनेतून होतो का, हे विचारावे. पूर्वमंजुरी मिळाल्यावर त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. शंका असेल तर १४५५५ हा क्रमांक आहे. कोल्हापुरातल्या आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही योजनेचा कक्ष आहे. दाखल न होता बाह्यरुग्ण विभागात घेतलेल्या नेहमीच्या औषधांचा खर्च मात्र यात धरला जात नाही. तसेच बँकेतून दरवर्षी २० रुपये कापले जातात, तो दोन लाखांचा अपघात विमा आहे. त्यावर मूतखड्याची शस्त्रक्रिया होत नाही. भाऊ त्या रात्री बँकेचे पासबुक घेऊन आला होता, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

भावजयीचे कार्ड संक्रांतीच्या आधी आले. भाच्याचे काम अजून बाकी आहे. त्याला नुकतीच पाच वर्षे पूर्ण झाली, त्यामुळे बाल आधारवर आता त्याच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्यावी लागेल. सोमवारी त्याला घेऊन आधार केंद्रात जायचे आहे, आणि तिथून जन्माचा दाखला घेऊन पुरवठा शाखेत.