किकबॉक्सिंगची आंतरराष्ट्रीय बाद फेरी : कोपऱ्यातून दिसते तशी

दिल्लीत भरणाऱ्या वाको (किकबॉक्सिंगची जागतिक संघटना) इंडिया ओपनसारख्या स्पर्धेला मुलं घेऊन निघालो की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, किती मॅच जिंकल्या की मेडल?" उत्तर गटात किती जण उतरलेत त्यावर असतं. भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कोणाशी लढणार याचा तक्ता, ४, ८, १६, ३२ अशीच बसते. गटात ११ जण असले तर १६ ची पत्रिका लागते, ५ जणांना पुढे चाल मिळते, म्हणजे ते न लढता दुसऱ्या फेरीत जातात, आणि पहिल्या फेरीत तीनच लढती होतात. पुढे चाल मिळालेल्याला सुवर्णासाठी ३ लढती जिंकाव्या लागतात, बाकीच्यांना ४. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं, तिसऱ्या क्रमांकाची लढत नसते. म्हणजे गटात चौघंच असतील तर एकही लढत न जिंकता पदक गळ्यात पडतं. गावात लगेच फ्लेक्स लागतो. मी आधी पत्रिका बघतो, मग पेढा खातो.

नोंदणी स्पोर्टडेटाच्या साइटवर होते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रिंगमधले प्रकार (फुल कॉन्टॅक्ट, लो किक, के-वन) आणि मॅटवरचे प्रकार (पॉइंट फायटिंग, लाइट कॉन्टॅक्ट, किक लाइट) यांचे वजनगट वेगळे आहेत. मोठ्या पुरुषांना रिंगमध्ये ६३.५, ६७, ७१, ७५ असे गट. मॅटवर ६३, ६९, ७४, ७९. सत्तर किलोचा मुलगा रिंगमध्ये ७१ च्या आत आरामात बसतो, मॅटवर मात्र एक किलो उतरवायचं की ७४ मध्ये जायचं हे आधीच ठरवावं लागतं. पासपोर्ट, डॉक्टरांचा दाखला, परिपत्रकात मागितलेल्या रक्ततपासण्या या सगळ्याच्या दोन-दोन प्रती एका फाइलमध्ये ठेवाव्यात. मोबाइलमधला फोटो दाखवून काम होईल या भरवशावर राहू नये.

वजनाला सवलत नाही. घरचा काटा आणि तिथला काटा यांत फरक निघतोच, म्हणून पोचल्याबरोबर आयोजकांनी सरावासाठी ठेवलेल्या काट्यावर उभं राहायचं. तिथे थोडं जास्त भरलं तर अंगात जाड कपडे घालून दोरीवरच्या उड्या मारून उतरतं; दीड-दोन किलो असेल तर मी हट्ट करत नाही, कारण पाणी तोडून उतरवलेलं वजन तिसऱ्या राउंडला पायातून बोलतं. वजन झालं की लगेच ओआरएस घोट-घोट, तासाभराने मऊ भात किंवा खिचडी. मुलं उपाशीपोटी छोले-भटुऱ्यांवर तुटून पडतात आणि रात्रभर पोट धरून बसतात.

लढतीच्या दिवशी रिंग क्रमांक आणि लढत क्रमांक पडद्यावर येतात. लढत ३ राउंडची, प्रत्येक राउंड २ मिनिटांचा, मध्ये एकेक मिनिट विश्रांती; म्हणजे घड्याळाची ८ मिनिटं, आत येणं-जाणं धरून १० ते १२. पाच लढती बाकी असल्या की मुलं "अजून तास आहे" म्हणून आडवी होतात. पण दोन लढती पहिल्याच राउंडला आटोपल्या किंवा कोणी आलाच नाही, तर तो तास पस्तीस-चाळीस मिनिटांवर येतो, आणि पुकारा होऊनही न आलेला बाद. म्हणून सहा लढती आधी हातांना रॅप (कापडी पट्ट्या), चार आधी अंग गरम करणं, दोन आधी हेडगार्ड आणि १० औंसांचे ग्लोव्हज. ग्लोव्हज चढले की लघवीला जाता येत नाही, हे नवख्यांना दरवेळी सांगावं लागतं.

विश्रांतीच्या एका मिनिटात खरं बोलायला मिळतात वीसेक सेकंदच. आधी गमशील्ड (दातांवरचं कवच) काढून धुवायचं, पोट सैल करून दोन-तीन खोल श्वास घ्यायला लावायचं, मग एकच सूचना. "डावा हात वर, लो किकने शेवट कर." एवढंच. तीन सूचना दिल्या की त्याला एकही आठवत नाही. आणि गमशील्ड परत तोंडात गेलं का, हे बघूनच खाली उतरायचं. फुल कॉन्टॅक्टमध्ये प्रत्येक राउंडला किमान ६ किक मारणं बंधनकारक आहे. ठोशांवर भर असलेला मुलगा आघाडीवर असूनही इथे गुण घालवतो, म्हणून किका मी बोटांवर मोजतो. के-वनमध्ये गुडघा चालतो, कोपर नाही.

बाद फेरीत पहिली लढत कशी जिंकली हे जिंकण्याइतकंच महत्त्वाचं. जपानच्या जुन्या के-वन ग्रां प्रीत आठ जण एकाच रात्री भिडत. २००२ साली टोकियो डोममध्ये अर्नेस्टो हूस्ट उपउपांत्य फेरीत बॉब सॅपकडून हरला, पण सॅपचाच हात दुखावल्याने हूस्ट परत आत आला आणि विजेतेपद घेऊन गेला. आमच्याकडे लढती दिवसांवर विभागलेल्या असतात, तरी नडगीवर नडगी आदळून आलेली सूज सकाळपर्यंत राहते. त्यामुळे लढत संपल्यावर आधी पाय वर करून पंधरा-वीस मिनिटं बर्फ, व्हिडिओ नंतर. आघाडी मोठी असेल तर शेवटच्या राउंडला मी अंतर ठेवून खेळायला सांगतो. प्रेक्षकांना ते रुचत नाही.

डोक्यावर फटका बसून पंचांनी आकडे मोजले असतील, तर मुलगा "मी ठीक आहे" म्हणाला तरी डॉक्टरांसमोर उभा करायचाच. त्यांनी थांबवलं तर पुढची लढत सोडायची, त्यावर घासाघीस नाही.

दिल्लीच्या थंडीत सर्दी होतेच. तेव्हा शेजारच्या खोलीतून गोळी मागून घ्यायची नाही. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि स्पर्धेच्या काळात ते ठरावीक मर्यादेबाहेर लघवीत सापडलं तर प्रकरण उत्तेजक चाचणीत अडकतं. कोणती गोळी, कधी, कोणी दिली, हे मी फाइलच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो आणि पाकीट फेकत नाही.