हस्तांतरणाचा कागद

ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली की ग्रामसेवकाला दाखल्यांशिवाय दुसरं काम सुचत नाही. थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, मतदार यादीची नक्कल. 2022 च्या डिसेंबरातल्या निवडणुकीआधी माझंही तेच चाललं होतं. यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव. सरपंचपद महिलेसाठी राखीव, आणि निवड थेट गावातून. ही थेट निवड 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली, त्यामुळे जुन्या जाणत्यांची गणितं बिघडली होती. चार-पाच सदस्य खिशात घालून आपला सरपंच बसवायची सोय संपली होती.

म्हणून बिनविरोधचा घाट घातला गेला. संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर बैठक ठरली आणि कागदपत्रं समजावून सांगायला मला बोलावलं. कागदांपुरतंच बोलेन, असं मी आधीच बजावलं होतं. माझं मत त्या गावात नाही, राहतो तालुक्याला. तरी सचिव, म्हणजे ग्रामसेवकच, कोणाकडे बघून हसला, याचाही गावात हिशेब होतो.

दिवस वेचणीचे. बाया वावरातून परस्पर आल्या होत्या, केसांत कापसाचे तंतू, कमरेला ओटी तशीच बांधलेली. नावं दोन पुढे आली. एक गावातलीच सून, बी.ए. झालेली, पोरांच्या शिकवण्या घेणारी. तिला सगळे मॅडम म्हणतात. दुसऱ्या काकू, बचत गट चालवणाऱ्या, मागची पाच वर्षं सदस्य आणि पाणीपुरवठा समितीवर.

मॅडम आधी बोलली. काय बोलली म्हणून सांगू! हातात चिठ्ठी नाही, आवाज कुठे चढला नाही. पहाटे हापशीवर नंबर लावणाऱ्या पोरी, त्यांची बुडणारी शाळा, हंड्यावरून होणारी भांडणं, सगळं तिनं असं उभं केलं की पारावरच्या म्हाताऱ्यांनीही तंबाखू मळायची थांबवली. ‘आपल्या पोरींच्या डोक्यावरचा हंडा मी उतरवणार,’ असं म्हणाली तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मग काकू उठल्या. पदर खोचला आणि सरळ माझ्याकडे वळल्या.

“भाषन काई मले येत नाई. सचिवसाहेब, तुमीच उभे राहा. मी इचारते, तुमी सांगा.”

मी उभा राहिलो. फळ्यापुढे बोलावलेल्या पोरासारखी गत झाली.

“पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे येतात, त्यातले आपल्या मनानं खर्चाले किती?”

“शंभरातले चाळीस. साठ बंधित. त्यातले तीस पाण्याला, तीस स्वच्छतेला.”

“अन् नळाच्या मोटारीचं लाइट बिल कोन भरते?”

“ग्रामपंचायत. पाणीपट्टीतून. कमी पडलं तर बंधित निधीतून.”

“पानीपट्टी किती घरं भरतात?”

“अर्ध्याहून कमी.”

यावर बरेच जण आपापल्या चपलांकडे बघू लागले. काकूंनी तिकडे लक्षच दिलं नाही.

“आता मेन गोष्ट. नव्या टाकीचा हस्तांतरनाचा कागद ठेकेदारानं आनला का?”

आणला होता. माझ्या कपाटात होता. नव्या सरपंचाच्या सहीची वाट बघत पडला होता, आणि हे गावात कोणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं.

हा कागद काय असतो ते सांगायला हवं. जल जीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं. घराघरात नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, असा त्याचा बेत. टाकी झाली, पाइप पुरले, नळाच्या तोट्या बसल्या की योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात देतात. सरपंचाची सही पडली की योजना गावाची. मग पाइप फुटला, मोटार जळली, विहीर आटली, सगळं गावाच्या बोडख्यावर. ठेकेदार मोकळा.

“आता कोनच्याबी विहिरीले पानी राह्यते,” काकू म्हणाल्या. “मे महिन्यात टाकी भरून दाखव म्हना, मंग सही. मागची टाकी आपन अशीच घेतली होती, हिवाळ्यात.”

मागची टाकी शाळेमागे उभी आहे. तिच्यावर पोरं क्रिकेटचे स्टंप आखतात.

मला वाटलं, झालं, आता नाव काकूंचंच. पण मॅडम पुन्हा उठली. आवाज भाषणातला नव्हता.

“काकू, एवढं सगळं तुम्हाला ठाऊक होतं, तर पाच वर्षांत ग्रामसभेत एकदाही का नाही बोललात?”

काकू जरा थांबल्या. “बोलले असते. आयकाले कोन होतं?”

हेही खरंच. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत कमी असेल तेवढी माणसं ग्रामसभेला लागतात. ती जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग ठराव होतात, सह्या मात्र नंतर घरोघरी फिरून. आमच्या खात्यातल्या कोणालाही विचारा, तो आधी इकडेतिकडे बघेल.

अनुभव या शब्दाला गावात फार मान आहे. मला तेवढा वाटत नाही. काही सरपंचांचा अनुभव एवढाच असतो की कोणत्या बिलाला कोणाची सही लागते आणि ती बिल न वाचता कशी मिळवायची. काकूंचं तसं नव्हतं, पण पाच वर्षं त्यांनी जे पाहिलं ते समितीच्या वहीत राहिलं. आणि मॅडमला हस्तांतरणाचा कागद माहीत नव्हता, हेही तेवढंच खरं. तिच्या हंडा उतरवण्यात मोटारीचं बिल कुठेच नव्हतं. तरी मला त्या सभेत निवडायला सांगितलं असतं, तर मी काकूंना निवडलं असतं. कागद शिकता येतो म्हणा, पण तो शिकेपर्यंत सही होऊन गेलेली असते.

बिनविरोध काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोघी दाखल्यासाठी आल्या, वेगवेगळ्या वेळी. मॅडमनं दाखला घेतला आणि हस्तांतरणाचा कागद बघायला मागितला. खुर्ची ओढून बसली, सगळा वाचला, आणि ‘स्रोताची क्षमता’ या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “ही चाचणी कोणत्या महिन्यात घेतली, ते कुठे लिहिलंय?” लिहिलेलं नव्हतं.

थोड्या मतांनी काकू निवडून आल्या. मॅडम पडली, पण गप्प बसली नाही. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला ती गल्लीतल्या बाया घेऊन आली आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदा त्या गावात सभा तहकूब करावी लागली नाही. झेंड्यानंतर तिनं पहिलाच प्रश्न टाकला: पाणीपट्टी थकवणाऱ्यांची नावं वाचा.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या प्रचारात पुढे पुढे करणारे चार जण त्या यादीत वरच होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“वाचा ना बाप्पा,” काकू म्हणाल्या.

यादी वाचून होईस्तोवर जेवणाची वेळ टळून गेली. त्या दिवशी मला गावात कोणी चहासुद्धा विचारला नाही.