दुखत नाही, ठणकतंय

आजींनी शून्यावर बोट ठेवलं आणि मी माझ्या कागदावर शून्याला गोल केला. गुडघ्याच्या आजाराची प्रश्नावली, प्रश्न तिसरा: गेल्या चोवीस तासांत जास्तीत जास्त किती दुखलं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होणार नाही इतकं. याच आजी दहा मिनिटांपूर्वी खुर्चीचा हात धरून, डोळे मिटून, टप्प्याटप्प्यानं खाली बसल्या होत्या.

रुग्णांच्या प्रश्नावल्या मराठीत आणणं हे माझं काम. वीस-पंचवीस प्रश्न म्हणजे दुपारभराचं काम, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात दोघं जण आपापलं भाषांतर करतात, त्या दोन्हींतून मी एक मसुदा बांधतो, मग मूळ कधीच न पाहिलेलं कुणीतरी तो उलट इंग्रजीत नेतं. शेवटी पाच-आठ खऱ्या रुग्णांसमोर बसून प्रत्येक प्रश्न त्यांना कसा कळला ते विचारायचं. आजी त्यातल्या सहाव्या.

दोघांपैकी एकानं ‘पेन’ला ‘वेदना’ लिहिलं होतं. कोश हाताशी असला की माणसांचं असं होतं. वेदना बातमीत होतात, कवितेत होतात, गुडघा दुखतो. मी ‘दुखणे’ ठेवलं आणि स्वतःवर खूश झालो. पण याच प्रश्नावलीत पुढे ‘एक’ (‘हेडएक’मधला, आकडा नव्हे) आणि ‘सोअर’ असे दोन वेगळे प्रश्न होते. पहिल्या मसुद्यात तिन्हीकडे दुखणंच आलं आणि उलट भाषांतरातून तीन वेळा ‘पेन’ परत आला. तिन्ही ओळी लाल.

मग बसलो शब्द पाखडत. ‘पेन’च्या मुळाशी लॅटिनमधला दंड आहे, ‘पेनल्टी’ त्याच घरातली. ‘हर्ट’च्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधली धडक. ‘सोअर’ म्हणजे हात लावला की कळवळतं ते, आपलं हुळहुळणं किंवा दुखरेपण. ‘एक’ म्हणजे आत मुरलेलं, एकसारखं, सौम्य पण पाठ न सोडणारं. यासाठी मला अजून धड शब्द सापडलेला नाही; ‘अंग मोडून आलंय’ जवळ जातं, पण ते सगळ्या अंगाचं, एकट्या गुडघ्याचं नाही. शेवटी ‘सतत थोडं थोडं दुखत राहणं’ असं लांबलचक लिहिलं. आवडलं नाही, पण लाल रंग गेला.

गरिबी आपल्याकडे आहे असं मात्र नाही. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली मॅकगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात दुखण्याचं वर्णन करणारे 78 शब्द 20 गटांत लावलेले आहेत. ती यादी पाहताना मला नेहमी वाटतं, आपण बसलो तर कमी पडणार नाही. इंग्रजीत डोकं, दात, पोट, कान, पाठ, सगळ्यांना तोच ‘एक’ जोडून भागतं. आपल्याकडे दाढ ठणकते, गळू ठुसठुसतं, डोकं भणभणतं, जखम चरचरते, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो, पोटरीत गोळा येतो. जवळजवळ प्रत्येक अवयवाचं स्वतःचं क्रियापद. याचा मला अभिमान होता. आजींनी त्यातच मला पकडलं.

“आजी, हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा ना.”

“दुखतं का, असं विचारताय. म्हणजे चालताना, नाहीतर कुणी हात लावला की.”

“आणि तुम्हाला काल दुखलं नाही?”

“दुखलं कुठे? काल मी पलंगावरून उठलेच नाही. ठणकत होतं. रात्रभर ठणकलं.”

मी ‘दुखणे’ ही छत्री धरली होती. कळ, चमक, ठणका, सगळं तिच्याखाली. आजींच्या लेखी दुखणं आणि ठणकणं या शेजारणी. एक हालचालीनं येते, दुसरी न बोलावता. औषधाच्या चाचणीत सुरुवातीलाच शून्य पडलं तर औषधानं कितीही गुण येवो, शून्याखाली आकडा जात नाही.

मी ‘दुखणे किंवा ठणकणे’ सुचवलं. प्रश्नावलीच्या मालकांकडून नकार आला: मूळ शब्द एक, भाषांतरातही एकच, नाहीतर भाषांची तुलना होत नाही. त्यांचं चूक नाही, हेच जास्त चिडवणारं आहे. फोनवर त्यांची इंग्रजी भाषक सहकारी सहज बोलून गेली की तिची आईही विचारलं की म्हणते, ‘हर्ट’ होत नाही, नुसतं ‘एक’ होतं. मी विचारलं, मग मूळ इंग्रजीत असे किती शून्य पडले असतील? ती म्हणाली, तो आजच्या बैठकीचा विषय नाही.

अहवालाच्या तक्त्यात प्रत्येक रुग्णापुढे एक रकाना असतो: प्रश्न समजला का, होय की नाही. ‘नाही’ लिहिलं तर चूक आजींच्या नावावर जाते, आणि मराठी तर त्यांचीच बरोबर होती. ‘होय’ लिहिलं तर ते शून्य खरं ठरतं. समन्वयकांचं म्हणणं, सहांतल्या पाच जणांना समजलाय, पुरे झालं, पाठवून द्या. फाइल उद्या सकाळी जायची आहे आणि रकाना रिकामा आहे.