सेव्हेरसच्या नाण्याला कोंदण

लंडनच्या वर्कशॉपवर त्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक मराठीच होतं. हातात रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचं चांदीचं नाणं, म्हणजे डिनेरियस, आणि मागणी सरळ: "आजीच्या पुतळीमाळेसारखी मागे कडी डाकून द्या."

नाही म्हटलं. पुतळीचं सोनं आच सोसतं. सेव्हेरसने (इ.स. १९३–२११) डिनेरियसमधली चांदी निम्म्याच्या आसपास आणली, मिसळलेलं तांबं अठराशे वर्षांत आतल्या आत गंजत जातं. वरून धड दिसणारं नाणं आतून बिस्किटासारखं ठिसूळ होतं. भिंगाखाली ते दिसलंच: सम्राटाच्या दाढीपासून कडेपर्यंत बारीक चीर. इथे भोक पाडायला ड्रिल लावलं असतं तरी दोन तुकडे हातात आले असते.

म्हणून कोंदण, आणि आगीचं सगळं काम नाणं बाजूला ठेवून. पद्धत नवी नाही, तिसऱ्या शतकात रोमन सोनारही सोन्याची नाणी जाळीदार चौकटीत बसवत.

हाताने ठोकलेलं नाणं गोल नसतं. हे कुठे १७.६, कुठे १८.९ मिमी भरलं. व्यासावरून परीघ काढण्यात अर्थ नव्हता, कागदाची पट्टी कडेभोवती गुंडाळूनच माप घेतलं. कोंदणाची पट्टी ९९९ म्हणजे जवळजवळ शुद्ध चांदीची, ०.३ मिमी जाड. ९२५ची, म्हणजे मिश्रणाची चांदी कडक. ती वळवायला लागणारा जोर शेवटी नाण्यावरच येतो. आत टेकायला तारेचं कडं डाकलं, पाठ उघडी ठेवली. वाकड्या कडेमुळे नाणं एकाच रीतीने बसतं, तेव्हा डोक्याचा माथा कुठे येतो त्याची खूण करून मगच वरची कडी डाकायची. नाहीतर सम्राट गळ्यात तिरका लटकतो. या नाण्याच्या पाठीवरची देवता उलटी होती. दोन्ही बाजू सरळ आणता येत नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

डाकल्यावर साफ करायला तेजाबात टाकलेलं कोंदण बाहेर काढून सोड्याच्या पाण्यात उकळून घेतलं, कारण सांध्यात उरलेलं तेजाब पुढे नाण्यावर डाग पाडतं. पॉलिशही तेव्हाच उरकलं. मग नाणं ठेवून पट्टीची कड पोलादी दट्ट्याने समोरासमोर दाबत नेली. हातोडी नाही, आणि चिरेपाशी दाब नाही.

नाणं चकचकीत करून मागितलं होतं. तेही केलं नाही. काळसर छटेमुळेच अक्षरं वाचता येतात. देताना एवढं बजावलं: सिल्व्हर डिप (चांदी उजळवायचं द्रावण) नको, कंपनांनी दागिने धुणारं अल्ट्रासॉनिक मशीन तर नाहीच, आणि अंघोळीआधी काढून ठेवा.