रोडकिंगची चमकाई: डावं कव्हर झालं, उजवं अजून रुसलेलं

तर मंडळी, मागच्या वेळी गाडी नुसती धुऊन ठेवली होती, आता खरी मजा. ८७ सालची येझदी रोडकिंग मोटारसायकल, २५० सीसी टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोक म्हटलं की इंजिनावर ऑइल आणि धुळीचा जो थर बसतो तो पाण्याने हलत नाही. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून दोन लिटर डिझेल, एक रंगाचा ब्रश, दोन जुने टूथब्रश (त्यातला एक जुना नव्हता हे आईच्या ओरडण्यावरून कळलं). कार्बोरेटरचं तोंड आणि पॉइंटची (ठिणगीची वेळ साधणाऱ्या संपर्काची) बाजू प्लॅस्टिकची पिशवी लावून रबर बँडने बांधून टाकली. डिझेल मारून वीस मिनिटं मुरू दिलं, मग घासलं, असं तीनदा. सोसायटीतले एक काका येऊन "पार्किंग आहे की गॅरेज?" विचारून गेले आणि मग स्वतःच अर्धा तास उभं राहून त्यांच्या जावा मोटारसायकलच्या गोष्टी सांगत बसले.

घाण गेल्यावर खरं दुखणं दिसलं. आधीच्या मालकाने डाव्या बाजूच्या क्लच कव्हरवर लॅकर (पारदर्शक वार्निश) मारलेलं, ते पिवळं पडून पापुद्रे सुटलेले आणि त्याखाली ॲल्युमिनियमवर पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा. शिवाय त्याने कधीतरी मशीनवर बफिंग करून घेतलेलं, त्यात कव्हरवरची येझदीची अक्षरं अर्धी झिजलीयेत. बफचं चाक उठावाची अक्षरं आणि कडा आधी खातं, सपाट भाग नंतर. तेव्हाच ठरवलं की ही बाजू हातानेच करायची, मग महिना लागला तरी चालेल. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांचा जावा डे आहे, तोपर्यंत वेळ आहे (असं मी दरवर्षी म्हणतो).

कव्हर काढतानाच दीड दिवस गेला, कारण स्क्रू जाम. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर पुण्यातल्या बोहरी आळीतून आणला, आधीच आणायला हवा होता, तोपर्यंत दोन स्क्रूंची डोकी मी साध्या ड्रायव्हरने गुळगुळीत करून ठेवली होती. मग पेंट रिमूव्हरने लॅकर उतरवलं आणि वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) सुरू. ४००, ६००, ८००, १२००, २०००, आकडा मोठा तितका पेपर बारीक. प्रत्येक वेळी आधीच्या घासण्याच्या आडव्या दिशेने घासायचं, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे राहिलेत का ते लगेच दिसतं. मी ६०० घाईत उरकला आणि १२०० ला पोचल्यावर उन्हात बघतो तर ४०० चे ओरखडे दात काढून हसतायत. परत मागे. यात शॉर्टकट नाही हो, मी शोधून बघितला.

आता फजितीची गोष्ट. सायलेन्सरमधले बॅफल (आवाज दाबणारे आतले भाग) कार्बनने भरलेले, ते जुन्या पद्धतीने कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकले, हातमोजे चष्मा घालून, मोकळ्या जागेत, पाण्यात सोडा हळूहळू घालत. पोलादाला त्याने काही होत नाही, कार्बन मस्त सुटला. पण मला सुचलं की त्याच बादलीत एक छोटं झाकणही बुडवून घ्यावं. ॲल्युमिनियमचं झाकण! भजी सोडल्यासारखा फसफसून फेस आला, चिमट्याने बाहेर काढेपर्यंत वरचा पृष्ठभाग काळा आणि खरबरीत. कॉस्टिक ॲल्युमिनियमला अक्षरशः खातं आणि वर हायड्रोजन सुटतो, शाळेत शिकवलेलं होतं की, पण बादलीपुढे उभं राहिलं की शाळा कुठे आठवते. झाकण गेलंच समजा, नाना पेठेत शोधतोय.

२००० नंतर मेटल पॉलिश, सुती फडक्याने. फडकं काळंकुट्ट होतं, ते बघून घाबरू नका, ती घाण नाही, आपलंच ॲल्युमिनियम आहे. शेवटी पॉलिशचा चिकट थर राहतो, तो काढायला चिमूटभर गव्हाचं पीठ टाकून कोरड्या मऊ कापडाने पुसायचं, तेलकटपणा सगळा ओढून घेतं. आई म्हणाली, "पोळ्यांना पीठ पुरत नाही आणि याचं गाडीला उटणं चाललंय."

क्रोमला मात्र पेपर लावायचा नाही, कधीच नाही. सायलेन्सरवरचा वरवरचा गंज किचनमधल्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो, फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. जिथे खड्डे पडलेत तिथे खड्डे राहणार, आणि बेंडपाइपवरचा (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीवरचा) उष्णतेचा निळा रंगही पूर्ण जात नाही, मला तर तो आवडतो.

फिन्सना (इंजिन थंड ठेवणाऱ्या सिलिंडरवरच्या पट्ट्यांना) हात लावला नाही. बीडाचा (कास्ट आयर्नचा) सिलिंडर आणि त्याचा ओतीव खरखरीतपणा, तो चकचकीत केला की गाडी लग्नातल्या बँडसारखी दिसते. डाव्या कव्हरलाही आरसा होईपर्यंत नाही नेलं, चेहरा दिसतो पण दाढीचे खुंट मोजता येत नाहीत, एवढ्यावर थांबलो. अक्षरांच्या खाचा टूथपिकला कापड गुंडाळून केल्या. लॅकर परत मारणार नाही, फक्त वॅक्स, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी परत पुसावं लागेल ते पुसू. आणि धुतल्यावर लगेच कोरडं करा, आमच्याकडे टँकरचं पाणी, वाळलं की पांढरे डाग.

उजव्या कव्हरचे चारपैकी तीन स्क्रू निघालेत. चौथ्यावर कालपासून पेनिट्रेटिंग ऑइल टाकून ठेवलंय, शनिवारी परत हातोडी. कुणी तिथे डोकं ड्रिल करून काढलं असेल तर किती एमएमचं बिट वापरलं तेवढं सांगा.