आमची वाटचाल : डोळ्यांच्या तपासणीचे पाच आकडे

२०१४ साली कोथरूडमधल्या दोन खोल्यांत आम्ही तिघांनी हे काम सुरू केले, तेव्हा आमच्या हाती अमेरिकेतील एकाच नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्याचे बिलिंग होते. तिकडे रुग्ण तपासून झाला की केलेल्या कामाचा पाच आकडी सीपीटी कोड आणि आजाराचा आयसीडी कोड लावून विमा कंपनीकडे क्लेम पाठवावा लागतो, आणि तो योग्य कोडने जाईल हे पाहणे एवढाच आमचा धंदा. रात्री काम करतो म्हणून नातेवाईक अजूनही आम्हाला कॉल सेंटरवाले समजतात. आम्ही आता समजावणे सोडून दिले आहे.

१ ऑक्टोबर २०१५ रोजी तिकडे आजारांच्या कोडची नवी आवृत्ती, आयसीडी-१०, लागू झाली आणि डावा डोळा की उजवा, हे कोडमध्येच सांगणे भाग पडले. वयोमानाने होणाऱ्या मोतीबिंदूचा एक नेहमीचा प्रकार उजव्या डोळ्यात असेल तर एच २५.११, डाव्यात एच २५.१२ आणि दोन्हीकडे असेल तर एच २५.१३. डॉक्टरांनी नुसते ‘मोतीबिंदू’ असे लिहिलेले असेल, तर क्लेम थांबवून त्यांना विचारायचे, ही सवय आम्हाला तेव्हापासून लागली.

पहिली मोठी चूक मात्र साध्याच गोष्टीत झाली. डोळ्यांच्या तपासणीचे खास कोड चारच आहेत : नव्या रुग्णासाठी ९२००२ आणि ९२००४, जुन्यासाठी ९२०१२ आणि ९२०१४, प्रत्येक जोडीतला पहिला मर्यादित तपासणीचा, दुसरा संपूर्ण तपासणीचा. यात ‘नवा’ म्हणजे डॉक्टरांना नवा नव्हे. डॉक्टरांच्या त्याच समूहातील त्याच वैद्यकीय विषयाच्या कोणत्याही डॉक्टरांनी गेल्या तीन वर्षांत त्याला तपासले असेल, तर तो जुनाच धरला जातो. आमच्या एका क्लायंटच्या दोन शाखा होत्या, आणि आडनावाच्या स्पेलिंगमधील एका अक्षराच्या फरकामुळे एका आजींचे दुसऱ्या शाखेत नवे खाते उघडले गेले. आम्ही जन्मतारीख ताडून न पाहता ९२००४ लावला आणि क्लेम नामंजूर होऊन परत आला. मग मागचे सगळे क्लेम तपासले, तेव्हा असे आणखी अकरा सापडले, ज्यांचे पैसे विमा कंपन्यांनी देऊनही टाकले होते. ते दुरुस्त करून जादा रक्कम परत करायला लावली आणि त्या महिन्याचे आमचे शुल्क आम्ही घेतले नाही.

रुग्ण कशासाठी आला, हा त्याहून नाजूक प्रश्न. तिकडे चष्म्याचा विमा वेगळा आणि आजाराचा वेगळा. कोणतीही तक्रार नसताना नंबर तपासून घ्यायला आलेल्या माणसाचा क्लेम चष्म्याच्या विम्याकडे जातो. पण ‘रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात’ असे सांगत आलेल्या रुग्णाला मोतीबिंदू निघाला, तर तो क्लेम वैद्यकीय विम्याचा. त्याच बैठकीत नंबर काढला असेल तर त्याचा ९२०१५ हा कोड वेगळा लावायचा. मेडिकेअर, म्हणजे तिकडचा मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, त्याचे पैसे देत नाही, ते रुग्णाला भरावे लागतात, आणि हे त्याला काउंटरवर आधी सांगितलेले नसेल तर महिनाभराने येणारा संतापाचा फोन ठरलेला. म्हणून आमचा कोडर चार्ट उघडला की निदान नंतर पाहतो. रुग्णाची तक्रार नोंदवलेली पहिली ओळ आधी वाचतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांना या चार कोडऐवजी इतर डॉक्टर वापरतात ते ९९२ ने सुरू होणारे कोडही लावता येतात, आणि आमचे खरे कसब इथे लागते. २०२१ पासून या कोडची पातळी वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवर किंवा दिलेल्या वेळेवर ठरते; त्यापूर्वी तपासणीचे मुद्दे मोजत बसावे लागे. काचबिंदूचा एक जुना रुग्ण डोळ्याचा दाब मोजायला येतो, आजार वाढल्याचे दिसते आणि डॉक्टर थेंब बदलून देतात. संपूर्ण तपासणी झालेली नाही, त्यामुळे ९२०१४ लावता येत नाही. मात्र बळावलेला जुनाट आजार आणि औषधात केलेला बदल, या दोन गोष्टी चार्टवर स्पष्ट लिहिलेल्या असतील तर ९९२१४ बसतो. याउलट, बाहुली मोठी करून सगळे तपासले, परंतु पुढे निदानासाठी किंवा उपचारासाठी काय करायचे याची ओळच नाही, तर तपासणी कितीही सविस्तर असली तरी ९२०१४ टिकत नाही. ‘ज्याचे पैसे जास्त तो लावा’ असे एका क्लायंटने स्पष्ट सुचवले होते. त्यांचे काम आम्ही सोडले, आणि त्या वर्षी दिवाळीचा बोनस निम्मा द्यावा लागला, हेही नमूद करायला हवे.

आज आम्ही चौदा जण आहोत. नव्या मुलांना पहिले दोन महिने कोड लावू देत नाही, फक्त जुने चार्ट वाचायला देतो आणि प्रत्येक चार्टखाली ‘रुग्ण का आला’ हे एका मराठी वाक्यात लिहून घेतो. गेल्या आठवड्यात एकीने लिहिले : ‘मुलीने हट्ट केला म्हणून आला.’ चार्टमध्ये खरोखरच तेवढेच होते. तो क्लेम थांबवून आम्ही डॉक्टरांना प्रश्न पाठवला आहे.