संकष्टीच्या ओहोटीला कुलाबा किल्ला

नेरूळहून अलिबागला जाऊन तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जायचे असेल, तर रविवार कधी आहे हे पाहण्याआधी तिथी पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते आणि तिच्या साधारण सहा तास मागे-पुढे ओहोटी असते. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराची, म्हणजे सोयीची वाटते. परंतु ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, असल्यामुळे पाणी पुरते हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला समुद्र खूप मागे सरतो, पण पहाटे किंवा सायंकाळी. आम्ही म्हणूनच संकष्टी निवडली, कारण त्या दिवशी ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास येते, पाणीही चांगले उतरते आणि किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचे दर्शनही घडते. हा हिशेब ढोबळ आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचा तक्ता अवश्य पाहावा.

पहाटे पाचला निघून पनवेल, पेण, वडखळ असे गेल्याने वडखळची कोंडी टळली. आठच्या सुमारास वाळूत उतरलो तेव्हा वाटेत घोट्याएवढेच पाणी होते. खडकांना चिकटलेली कालवे पाय कापतात, त्यामुळे भिजले तरी चालतील असे पट्ट्याचे जोडे घालावेत. वृद्धांसाठी घोडागाडी मिळते.

छत्रपती शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये या किल्ल्याचे काम सुरू करवले आणि पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. तटाजवळ थांबून पाहावे ते दगडांचे सांधे. चुना न वापरता हे मोठे चिरे नुसते एकमेकांवर बसवलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते, तिथेच तिचा जोर मोडतो आणि तट टिकून राहतो. मंदिराजवळ गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, तरी पिण्याचे पाणी सोबत न्यावे.

उत्तरेचा सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला बहुतेक जण वगळतात, ते मला पटत नाही. शत्रूने त्या खडकावर तोफा चढवून मुख्य किल्ल्यावर मारा करू नये म्हणून तो बांधला आणि दगडी सेतूने जोडला. हा सेतू शेवाळाने निसरडा असतो आणि तिथे घाई करता येत नाही, म्हणून सर्जेकोट आधी पाहून मग मुख्य किल्ल्यात शिरावे.

ओहोटीचा तळ गाठल्यावर तासाभरात परतीला लागावे. पाणी समोरून चालून येत नाही, ते दोन्ही बाजूंच्या सखल भागांतून भरत येते आणि किल्ल्यात असताना त्याचा पत्ता लागत नाही. उशीर झालाच, तर पाण्यात न उतरता होडीची चौकशी करावी किंवा पुढच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यातच थांबावे. पावसाळ्यात मात्र हा बेत आखूच नये.